बहिष्कार आणि बहिष्कृत : सायमन आयोगविरोधी निदर्शनांची एक चिकित्सा

प्रस्तावना

परदेशातून आलेल्या सत्ताधाऱ्याचा किंवा नेत्याचा जनतेने रस्त्यावर येऊन निषेध करणे हा आधुनिक भारतीय राजकारणातील एक रूढ प्रकार आहे. हरताळ, काळे झेंडे, घोषणा, प्रतिमादहन ही त्याची ठरलेली अंगे होत. या प्रकाराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सायमन आयोगाविरुद्ध १९२८ मध्ये झालेली निदर्शने. शालेय पाठ्यपुस्तकापासून पदवीच्या अभ्यासक्रमापर्यंत हा प्रसंग साधारणपणे तीन वाक्यांत सांगितला जातो. आयोगात एकही भारतीय सदस्य नव्हता. म्हणून देशभर 'सायमन गो बॅक' ही घोषणा दुमदुमली. लाहोर येथील लाठीहल्ल्यात लाला लजपतराय जखमी झाले व पुढे त्यांचे निधन झाले. ही तीनही वाक्ये खरी आहेत. परंतु तेवढ्यावर थांबल्यास त्या निषेधाचा निम्माच अर्थ हाती लागतो.

निषेध ही एक प्रकारची संहिता असते. तिला वक्ता असतो, श्रोता असतो, शब्द असतात आणि काही मौनेही असतात. त्यामुळे साहित्यकृतीची जशी चिकित्सा होते तशी निषेधाचीही होऊ शकते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात १९२८ च्या निदर्शनांचा विचार केला आहे. 'बहिष्कार' हा एकच मराठी शब्द त्या काळात दोन परस्परविरोधी अर्थांनी वावरत होता. त्या दोन अर्थांमधील ताण समजून घेतल्याशिवाय महाराष्ट्रातील आणि विशेषतः वऱ्हाडातील या प्रसंगाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपीठिका : १९२१ चा अनुभव

सायमन आयोगाच्या आधी सहा वर्षे अशाच एका पाहुण्याने मुंबईच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले होते. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे अल्पकाळ आठवा एडवर्ड म्हणून राज्यावर आलेला युवराज, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी अपोलो बंदरावर उतरला. असहकार चळवळ त्या वेळी ऐन भरात होती. युवराजाच्या स्वागतावर बहिष्कार टाकण्याचा निर्णय काँग्रेसने घेतला होता. त्याच दिवशी परळ भागात महात्मा गांधींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली.

हरताळ मोठा झाला. परंतु त्याला लवकरच दंगलीचे स्वरूप आले. युवराजाच्या स्वागतास गेलेले पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन व ज्यू नागरिक जमावाच्या रोषास बळी पडले. त्यानंतर प्रतिहल्लेही झाले. काही दिवस चाललेल्या या हिंसाचारात ५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गांधीजींनी प्रायश्चित्त म्हणून उपवास केला. पाहुणा सुरक्षित राहिला आणि निषेधाचा घाव शेजाऱ्यावर बसला, ही या प्रसंगाची शोकांतिका होय.

याच दौऱ्याची दुसरी बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबई धुमसत असतानाच १९ नोव्हेंबर रोजी पुण्यात युवराजाच्या हस्ते शिवस्मारकाची पायाभरणी झाली. या समारंभामागे राजर्षी शाहू छत्रपतींचा पुढाकार होता. एकाच आठवड्यात, एकाच प्रांतात, एकाच पाहुण्याला एका शहराने हरताळाने व दुसऱ्या शहरातील एका मोठ्या प्रवाहाने सन्मानाने सामोरे जावे, याचा अर्थ केवळ 'राष्ट्रनिष्ठा' व 'राजनिष्ठा' या दोन शब्दांत सांगता येत नाही. ब्राह्मणेतर चळवळीला स्वराज्याविषयी जे प्रश्न पडले होते, त्यांची उत्तरे हरताळाच्या भाषेत उपलब्ध नव्हती. हा पेच १९२८ मध्ये अधिक तीव्र स्वरूपात पुन्हा उभा राहिला.

'सायमन गो बॅक' : घोषणेची रचना

सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखालील सात सदस्यांच्या आयोगाची घोषणा ८ नोव्हेंबर १९२७ रोजी झाली. १९१९ च्या सुधारणा कायद्याचा आढावा घेऊन पुढील घटनात्मक वाटचाल सुचविणे हे त्याचे काम होते. सातही सदस्य ब्रिटिश संसदेतील होते. भारताच्या राज्यघटनेविषयी निर्णय घेणाऱ्या मंडळात एकाही भारतीयाला स्थान नसावे हा अपमान उघड होता. त्यामुळे बहिष्काराला अपूर्व व्यापकता लाभली. काँग्रेसच्या जोडीला उदारमतवादी पक्ष, हिंदू महासभा आणि बॅरिस्टर जिनांच्या नेतृत्वाखालील मुस्लिम लीगचा गटही त्यात सामील झाला. एरवी परस्परांवर कठोर टीका करणारे पक्ष या एका नकारावर एकत्र आले.

आयोग ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबईत उतरला. त्या दिवशी हरताळ पाळण्यात आला आणि काळे झेंडे दाखविण्यात आले. मुंबईच्या युवक चळवळीतील तरुण नेते युसूफ मेहेरअली यांना 'सायमन गो बॅक' या घोषणेचे श्रेय दिले जाते. पुढे १९४२ मध्ये मुंबईचे महापौर असताना 'क्विट इंडिया' या शब्दप्रयोगाचे श्रेयही त्यांनाच देण्यात आले.

घोषणा म्हणून 'सायमन गो बॅक' ही रचना असामान्य यशस्वी आहे. तीत अवघे तीन शब्द आहेत. पहिला शब्द व्यक्तिनाम, उरलेले दोन आज्ञार्थी क्रियापदाचे. 'सर' ही पदवी तीतून गळाली आहे; साम्राज्याच्या माजी गृहमंत्र्याला रस्त्यावरचा तरुण एकेरी नावाने हाक मारतो आणि आज्ञा करतो. प्रजाजनाने राज्यकर्त्याला आज्ञा देणे ही व्याकरणातूनच घडलेली क्रांती होय. शिवाय ही आज्ञा पाहुण्याच्याच भाषेत दिलेली आहे. इंग्रजी न येणाऱ्या गिरणी कामगाराच्या तोंडीही ती सहज बसली आणि अल्पावधीत ती इंग्रजी राहिलीच नाही. मराठी, गुजराती, हिंदी, तमिळ अशा सर्व भाषकांची ती सामायिक घोषणा झाली.

परंतु ज्या गुणामुळे घोषणा यशस्वी होते, त्याच गुणात तिची मर्यादाही असते. आज्ञार्थी वाक्य प्रश्न विचारत नाही. 'परत जा' या दोन शब्दांत, पाहुणा परत गेल्यावर घरात काय व्हावे याविषयी एक अक्षरही नाही. विविध पक्षांचे ऐक्य टिकले ते या मौनामुळेच. भारतमंत्री बर्कनहेड यांनी सर्वमान्य राज्यघटना तयार करून दाखविण्याचे जे आव्हान दिले होते, त्याला उत्तर म्हणून ऑगस्ट १९२८ मध्ये नेहरू अहवाल पुढे आला, तेव्हा या मौनाची जागा तपशिलाने घेतली आणि मतभेद उघड झाले. वऱ्हाडच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब अशी की, हा अहवाल तयार करणाऱ्या समितीत यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे हे एक सदस्य होते. तथापि त्या समितीत अस्पृश्य समाजाचा प्रतिनिधी नव्हता.

मध्यप्रांत-वऱ्हाडचा नकार

निदर्शनांचा इतिहास बहुधा महानगरांच्या रस्त्यांवरून लिहिला जातो. मुंबई, मद्रास, लाहोर, लखनौ ही नावे त्यात येतात. वऱ्हाडचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः या प्रदेशाने दिलेला नकार वेगळ्या प्रकारचा आणि घटनात्मकदृष्ट्या अधिक नेमका होता.

आयोगाबरोबर काम करण्यासाठी प्रत्येक प्रांतिक विधिमंडळाने आपली समिती निवडावी अशी योजना होती. रस्त्यावर काळे झेंडे फडकत असतानाही गव्हर्नरांच्या नऊ प्रांतांपैकी आठ प्रांतांच्या विधिमंडळांनी अखेर अशा समित्या दिल्या. मध्यप्रांत व वऱ्हाडचे विधिमंडळ तेवढे नकारावर ठाम राहिले. त्या काळी वाशीम हा अकोला जिल्ह्यातील एक तालुका होता. पूर्वीचा स्वतंत्र वाशीम जिल्हा १९०५ मध्ये संपुष्टात आला होता आणि आजचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात यावयाचा होता. वऱ्हाडची कायदेशीर स्थितीही चमत्कारिक होती. १९०२ च्या करारानुसार हा मुलूख निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे आलेला, म्हणजे तत्त्वतः निजामाच्या सार्वभौमत्वाखालचा होता. ज्या प्रदेशाचे ब्रिटिश हिंदुस्थानातील स्थानच असे संदिग्ध होते, त्याच्या प्रतिनिधींचा समावेश असलेल्या सभागृहाने ब्रिटिश संसदेच्या आयोगास सहकार्य नाकारावे, ही घटना प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांनी अधिक बारकाईने पाहावी अशी आहे.

या नकाराला घोषणेसारखा नाद नव्हता. पण त्याला ठरावाचे वजन होते. मात्र हा नकार देणारे सभागृह मर्यादित मताधिकारावर उभे होते. मालमत्ता व कर यांवर आधारलेल्या त्या मताधिकारात भूमिहीन मजुराला स्थान नव्हते. सभागृहाच्या दाराबाहेर असलेल्या या माणसाचे आयोगाविषयी काय म्हणणे होते, हा प्रश्न येथे अपरिहार्य ठरतो.

'बहिष्कार' या शब्दाची दोन टोके

मराठीत 'बहिष्कार' हा शब्द बंगालच्या फाळणीनंतरच्या काळात राजकीय शस्त्र म्हणून प्रतिष्ठित झाला. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण ही लोकमान्य टिळकांच्या काळातील चतुःसूत्री सर्वपरिचित आहे. परंतु त्याआधी कित्येक शतके हा शब्द गावात आणि जातीत वापरला जात होता. वाळीत टाकणे, पाणी बंद करणे, दुकानातून माल न देणे, मजुरी बंद करणे हा त्याचा गावगाड्यातील अर्थ. परकी सत्तेविरुद्ध जे दुर्बळांचे शस्त्र, तेच गावात सबळांचे शस्त्र होते.

याच काळात एका समाजाने स्वतःची ओळख या शब्दाच्या कर्मणी रूपातून करून दिली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन केली आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. मार्च १९२७ च्या महाड परिषदेनंतर आसपासच्या गावांतील अस्पृश्यांना स्पृश्यांच्या बहिष्काराचा प्रत्यक्ष अनुभव आला होता.

या पार्श्वभूमीवर १९२७ च्या अखेरच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. आयोगाची घोषणा ८ नोव्हेंबरची. त्यानंतर पाचच दिवसांनी, १३ नोव्हेंबर रोजी अमरावतीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तिचा विषय होता अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश. २५ डिसेंबर रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. चवदार तळ्यावरील सत्याग्रह मात्र न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाईहुकुमामुळे स्थगित ठेवावा लागला. तो हुकूम स्थानिक स्पृश्यांनी मिळविला होता. त्याच आठवड्यात मद्रास येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने आयोगावर प्रत्येक टप्प्यावर आणि प्रत्येक स्वरूपात बहिष्कार टाकण्याचा ठराव केला. मद्रासला बहिष्कार टाकण्याचा ठराव होत होता, तर महाडला बहिष्कार सोसणारे लोक पाण्याचा हक्क मागत होते. या दोन सभांना परस्परांचे शब्द ऐकू गेले नाहीत, ही त्या आठवड्याची खरी समस्या होती.

निवेदन : निषेधाचे दुसरे रूप

बहिष्कृत हितकारिणी सभेने २९ मे १९२८ रोजी आयोगाला निवेदन सादर केले. आयोगाबरोबर काम करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीवर डॉ. आंबेडकरांची निवड झाली आणि २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात त्यांनी आयोगापुढे साक्ष दिली. या सहकार्याबद्दल त्यांच्यावर सरकारधार्जिणेपणाचा आरोप झाला. हा आरोप तपासण्याचा साधा मार्ग म्हणजे निवेदनांचा मजकूर वाचणे.

त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी आहे. विधिमंडळात अस्पृश्यांना पुरेशा जागांची, तसेच शिक्षण आणि लष्कर, आरमार व पोलीस दलातील भरतीविषयीच्या हमींची मागणी आहे. मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी सादर केलेले स्वतंत्र निवेदन तर ब्रिटिश राजवटीवरील आरोपपत्रच आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारल्या गेलेल्या एका महार मुलाच्या अर्जाचा दाखला त्यात दिलेला आहे. उच्चवर्णीयांचा रोष नको म्हणून सरकारने आपल्याच शाळेचे दार कसे बंद ठेवले, हे सरकारच्याच कागदपत्रांतून त्यात दाखविले आहे. यात खुशामतीचा स्वर कोठेही आढळत नाही.

काळा झेंडा पाहुण्याच्या अधिकारालाच आव्हान देतो: विचारणारा तू कोण? निवेदन पाहुण्याकडून हिशेब मागते: एवढी वर्षे राज्य केलेत, त्याचे काय झाले? दोन्हीही नकारच आहेत. पहिला सार्वभौमत्वाच्या प्रश्नावरचा, दुसरा न्यायाच्या प्रश्नावरचा. निवेदनाचा श्रोता वरकरणी आयोग असला तरी त्यातील अर्धा मजकूर स्वकीयांनाच उद्देशून आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. घरात कोणी ऐकत असते, तर पाहुण्यापुढे कैफियत मांडण्याची वेळ आली नसती, हा त्याचा अनुच्चारित अर्थ होय.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. आयोगापुढे जाण्याने ब्रिटिशांच्या भेदनीतीला बळ मिळाले, असे म्हटले जाते. भारतीय समाजातील भेदांचा उपयोग राज्यकर्त्यांनी आपल्या सत्तेच्या समर्थनासाठी केला, यात शंका नाही. परंतु भेद सांगणारा आणि भेद पाळणारा यांत फरक करावयास हवा. महाडचे तळे बंद ठेवणाऱ्यांनी आयोगाला जेवढा पुरावा पुरविला, तेवढा कोणत्याही निवेदनाने पुरविला नाही. दुसरीकडे, निवेदनाचीही मर्यादा स्पष्ट आहे. ते ज्याच्या हाती दिले जाते त्याच्या मर्जीवर त्याचे भवितव्य अवलंबून राहते. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयोगाच्या अहवालाने प्रौढ मताधिकार मान्य केला नाही. अस्पृश्यांसाठी राखीव जागा सुचविल्या, परंतु उमेदवाराच्या पात्रतेस गव्हर्नरच्या प्रमाणपत्राची अट घातली. म्हणजे प्रतिनिधी कोण, हे ठरविण्यात अखेरचा शब्द राज्यकर्त्याचाच राहिला.

नागपूर, १९३०

या दोन संहिता कोठे एकत्र आल्या, याचे उत्तर विदर्भातच सापडते. ८ ऑगस्ट १९३० रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. अध्यक्षपदावरून बोलताना डॉ. आंबेडकरांनी ब्रिटिश राजवटीचा हिशेब मांडला. ब्रिटिश येण्यापूर्वी जी विहीर व जे देऊळ अस्पृश्यांना बंद होते, ते त्यांच्या राज्यातही बंदच राहिले. तेव्हा राजकीय सत्ता आपल्या हाती आल्याखेरीज आपली दुःखे दूर होणार नाहीत आणि ती स्वराज्याच्या घटनेतच येऊ शकते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

आयोगापुढे साक्ष देणारा नेता दोन वर्षांच्या आत परकी राज्य नाकारतो. मात्र तो 'गो बॅक' म्हणून थांबत नाही. नंतरच्या घराचा आराखडाही मागतो. मुंबईच्या रस्त्यावरील घोषणेत जे मौन होते, ते नागपूरच्या भाषणात शब्दरूप झाले. प्रौढ मताधिकार हा पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा पाया झाला आणि १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आयोगाच्या ज्या सात सदस्यांना काळे झेंडे दाखविले गेले, त्यांपैकी क्लेमंट ॲटली हे १९४७ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान होते आणि सत्तांतर त्यांच्याच कारकिर्दीत झाले. पाहुण्याविषयीचा कोणताही निवाडा अंतिम नसतो, हे यावरून दिसते.

उत्तरकाळातील एक पडताळा

स्वातंत्र्योत्तर काळात निषेधाचा हा प्रकार टिकून राहिला. मार्च २००६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश भारतात आले तेव्हा इराक युद्धाच्या पार्श्वभूमीवर अनेक शहरांत मोठी निदर्शने झाली आणि 'बुश गो बॅक' या घोषणेत १९२८ चा साचा जसाच्या तसा पुन्हा वापरला गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा यांच्याबरोबर वाशीम हा त्यांपैकी एक जिल्हा होता.

अमेरिकी कापूस अनुदानांचा जागतिक भावावर होणारा परिणाम हा तेव्हा जागतिक व्यापार संघटनेतील गाजलेला प्रश्न होता. ब्राझीलने त्यावर तक्रार नेली होती आणि २००५ मध्ये अपिलातही निर्णय ब्राझीलच्या बाजूने लागला होता. म्हणजे वाशीमच्या कापूस उत्पादकाचेही त्या पाहुण्याशी भांडण होते. पण त्याचे तेवढेच भांडण सावकाराशी, पीककर्ज नाकारणाऱ्या बँकेशी आणि आपल्याच शासनाच्या धोरणाशी होते. 'गो बॅक' या साच्यात त्यातील पहिले भांडण मावते. उरलेली मावत नाहीत. पाहुणा तीन दिवसांत परत गेला आणि ती येथेच राहिली. १९२८ ची घोषणा १९२८ चे मौन घेऊनच पुढच्या काळात येते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, सायमन आयोगाविरुद्धचा बहिष्कार न्याय्य होता. एका राष्ट्राच्या भवितव्याचा विचार त्या राष्ट्राला वगळून करण्याचा अधिकार कोणासही नव्हता. दुसरा, 'वगळून' हाच जर आक्षेपाचा गाभा असेल, तर तोच आक्षेप निषेध करणाऱ्यांच्या सभा, समित्या व विधिमंडळे यांनाही लागू होतो. बहिष्कृतांच्या निवेदनाने नेमके हेच दाखवून दिले. तिसरा, परकीय पाहुण्याविरुद्धच्या कोणत्याही निदर्शनाचे मोल केवळ त्याच्या विस्तारावरून ठरवू नये. त्याचा घाव कोणावर बसला, त्यात कोणाचा आवाज नव्हता आणि पाहुणा गेल्यानंतर काय उरले, या तीन कसोट्यांवर ते तपासावे. १९२१ चा मुंबईचा हरताळ पहिल्या कसोटीवर उतरत नाही. १९२८ चा बहिष्कार दुसऱ्या कसोटीवर अपुरा पडतो.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक साधी गोष्ट करता येण्यासारखी आहे. इतिहास, राज्यशास्त्र किंवा मराठीच्या वर्गात 'सायमन गो बॅक' ही घोषणा शिकविताना बहिष्कृत हितकारिणी सभेच्या निवेदनाचा एखादा परिच्छेद आणि मध्यप्रांत-वऱ्हाड विधिमंडळाचा नकार हे दोन्ही विद्यार्थ्यांसमोर ठेवावेत. वाशीमसारख्या जिल्ह्यातील वर्गात ज्यांच्या पणजोबांना त्या विधिमंडळासाठी मत होते आणि ज्यांच्या पणजोबांना गावच्या विहिरीवरही जाता येत नव्हते, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी आज एकाच बाकावर बसतात. १९२८ चा प्रसंग त्या दोघांनाही आपला वाटेल अशा रीतीने शिकविला जाणे आवश्यक आहे.